दोन चमचे द्राक्षासव

जोगेश्वरीच्या त्या हॉलबाहेर गुरुवारी चपला ठेवायलाही जागा नसते. महाराजांचा अंगारा सात दिवस खायचा आणि मग दारूचा घोट घेऊन दाखवायचा. अंग लाल होतं, छाती धडधडते, उलटी होते. "बाटली मी फोडत नाही, बाटलीच तुम्हाला फोडते!" महाराज म्हणतात. टाळ्या पडतात.

त्या गुरुवारी त्यांनी माझ्या बाबांची गोष्ट सांगितली.

"वाकोल्याचे श्यामसुंदर. शपथ मोडली, तिसऱ्या घोटाला गेले! अंगारा खोटा असता तर गेले असते का?"

आई हात जोडून ऐकत होती. शेजारी माझा भाऊ मुकुल. सहा नोकऱ्या सोडलेला, रोज पिणारा. त्याचा अंगारा आज सुरू व्हायचा होता.

बाबाही असेच. गॅसवर दूध ठेवून पंखा खोलायचे, पंखा तसाच टाकून बाहेर पडायचे. प्यायल्यावरच डोक्यातला गोंगाट थांबतो, म्हणायचे. अंधेरीच्या डॉक्टर पद्मजांनी चौपन्नाव्या वर्षी त्या गोंगाटाला नाव दिलं, एडीएचडी. लहानपणापासूनचा, कुणी न ओळखलेला. "व्यसन आणि हे, दोन्हींवर एकदम उपचार हवेत," त्या म्हणाल्या आणि सवय न लागणारी गोळी दिली. दोन महिन्यांनी बाबांनी अख्खा अग्रलेख मला वाचून दाखवला. मध्ये एकदाही उठले नाहीत.

मग महाराज म्हणाले, "गोळी हीसुद्धा नशाच." आईने गोळ्या बंद केल्या, बाबांना न सांगता चहात अंगारा सुरू केला. पुढच्याच आठवड्यात बाबा प्यायला बसले, ते उठलेच नाहीत.

मुकुलसाठी आणलेला अंगारा यंदा, त्या गुरुवारच्या आधी, तिने स्वतः खाल्ला, लेकरासाठी व्रत म्हणून. सातव्या दिवशी जेवणानंतर नेहमीचं दोन चमचे द्राक्षासव घेतलं. पंधरा मिनिटांत चेहरा लालबुंद, मग उलट्या.

"आई, तू कुठली शपथ मोडलीस गं?"

तिने चूळ भरली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली.

उरलेली पुडी मी पद्मजाबाईंकडे नेली. त्यांनी तपासून घेतली.

"दारू सोडवायची गोळी कुटून घातलीय. आम्हीही देतो, पण माणसाला सांगून, हृदय-यकृत तपासून. न सांगता दिली तर एक घोट जिवावर बेततो. आणि द्राक्षासवातही मद्यार्क असतो."

म्हणून त्या हॉलमध्ये मी रिपोर्ट घेऊन उभी राहिले.

"ए ताई, बस ना खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"महाराज, तुम्हीही सात दिवस अंगारा खा. मग आमच्या घरचं द्राक्षासव घ्या. दोनच चमचे."

"देवाची परीक्षा घेऊ नये, बाळ."

"देवाची नाही. पुडीची."

रिपोर्ट वाचला तेव्हा पुढच्या दोन रांगा तेवढ्या शांत झाल्या. महाराजांनी आरती सुरू करायला सांगितलं.

आई हळूच म्हणाली, "चहात मीच घालत होते गं."

"तुला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "त्यांना होतं."

तिने हातातली नवी पुडी तिथेच ठेवली. "मुकुल, ऊठ."

पोलिसांत तक्रार दिली आहे. तरी पुढच्या गुरुवारी हॉल भरलाच. बाबांची गोष्टही पुन्हा सांगितली म्हणे. मुकुल डॉक्टरांची पहिली वेळ विसरला. दुसऱ्या वेळी आईच त्याला हाताला धरून घेऊन गेली.

तुमच्या घरी कुणी पुडी आणली तर एवढंच विचारा, हिच्यात काय आहे? औषध देणारा नाव सांगतो. जो सांगत नाही, त्याच्यासमोरून उठा. बाबांसाठी हे मी विचारलं नव्हतं.