दुकान वाढवलं

जाईबाईने उभ्या जन्मात ‘फुटली’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता. चाकणच्या बाजारात वीस वर्षं बायकांना बांगड्या भरल्या. भरताना एखादी तडकली की ती म्हणायची, “वाढली गं बाई, असू दे.” बांगडी फुटत नाही, वाढते; दिवा विझवत नाहीत, वाढवतात. अभद्र बोलायचं नाही म्हणजे नाही. आणि ह्याच सोवळ्या जिभेने तिच्या घरावर पाणी सोडायची वेळ आणली.

त्याचं असं झालं. तिचा नवरा ज्योतीराम पिंपरीला कंपनीत कामाला. सरकारने चिंचवडच्या पुढे दोन-दोन खोल्यांची घरं बांधली आणि सोडतीत ज्योतीरामचा नंबर लागला. तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाला स्टँप ड्यूटी माफ, वर कर्जही सरकारचंच. अट एकच, घरात पगाराशिवाय दुसरा धंदा नको. सवलत गेली तर घर गेलंच म्हणायचं, कारण पुरा स्टँप भरायची ह्या दोघांची ऐपत नव्हती.

चौकशीचा कारकून आला तेव्हा ज्योतीराम फर्स्ट शिफ्टला होता. कारकुनाने विचारलं, “दुसरा काही धंदा?”

“चाकणला माझं बांगड्यांचं दुकान. संक्रांतीला वाढवलं,” जाईबाई म्हणाली. गुडघे धरले होते, एस.टी.चे हेलपाटे झेपेनात, म्हणून बंद केलं होतं बिचारीने. कारकून पडला शहरातला. त्याने इमानदारीत लिहून घेतलं: पत्नीचे दुकान, यंदा वाढवले.

महिन्याभराने पत्र आलं, सवलत नामंजूर. ज्योतीरामला रजा मिळेना, तेव्हा जाईबाई एकटीच कचेरीत जाऊन साहेबांपुढे उभी राहिली.

साहेबांनी कागद पाहिला. “दुकान तुमचंच ना, बाई?”

“माझंच.”

“आणि संक्रांतीला वाढवलंत?”

“व्हय सायेब, वाढवलं. शपथेवर सांगते, वाढवलं!”

“मग भांडताय कशाला? वाढता धंदा असलेल्याला सवलत कशी द्यायची?”

“आवो, वाढवलं म्हनूनच तर मागायला आले!” म्हणत तिने टेबलावर हात आपटला. हातातली बांगडी कडकन वाजली आणि दोन हिरवे तुकडे साहेबांच्या कागदावर जाऊन पडले.

“अगं बाई, वाढली!” ती कळवळली.

साहेबांचं पेन थांबलं. “माझी आईही असंच म्हणायची,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं, तुकड्यांकडे पाहिलं आणि एकदम हसू लागले. “म्हणजे दुकान वाढवलं, ते असं?”

“मग आनि कसं?”

“बाई, सरकारला असलं कळत नाही. सरळ शब्दात सांगा, तसं लिहितो.”

जाईबाईने ते तुकडे उचलून मुठीत धरले. आठ महिने झाले होते, पण तो शब्द तिने स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. “बंद केलं, सायेब,” ती म्हणाली. “कायमचं बंद केलं. आता न्हाई उघडायचं.” आणि भर कचेरीत तिला रडू फुटलं. दुकानासाठी ती आज पहिल्यांदाच रडत होती. साहेबांनी सवलत मंजूर केल्याचा शेरा मारला, सही केली, तरी तिचे डोळे वाहतच होते. बाहेर आली तेव्हा मात्र डोक्यावरचा जड हारा उतरवून ठेवल्यासारखं तिला हलकं वाटलं.

दिवाळीआधी खरेदीखत झालं. किल्ली मिळाली त्या दिवशी ज्योतीराम दोन्ही खोल्यांतून चारदा फिरला, मागच्या दाराशी उभा राहिला आणि ऐटीत म्हणाला, “पुढंमागं हितं एक खोली वाढवू.”

जाईबाईने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. “बांधू म्हना,” ती म्हणाली. “नीट बांधू म्हना!”