साखळीच्या आतली वाट

विश्वासरावांना चालायची फार आवड, आणि चालायला ते मोटारीतून येतात. माझ्या गावाकडच्या तोंडाशी दोन दगडी खांबांमध्ये साखळी आहे. ती गाड्यांसाठी आहे हे शेळ्यांनाही कळतं, त्या बिचाऱ्या खालून वाकून जातात. विश्वासराव मात्र खिडकीतून हात काढून किल्ली बाहेर धरतात. त्यांचा ड्रायव्हर गोलू उतरतो, कुलूप काढतो, आणि ती पांढरी अगडबंब गाडी माझ्या अंगावरून, नाल्यावरचा रपटा ओलांडून, करंजाखालच्या बाकापर्यंत जाते. तिथे विश्वासराव उतरतात, बाकाभोवती फेऱ्या मारतात, कपाळ पुसतात आणि घरी जाऊन सांगतात, नदीवर फिरून आलो. माझ्यावर उमटतात ती चाकं, आणि कौतुक होतं ते त्यांच्या पायांचं.

मित्रांनो, मी एक जुनी वाट आहे. देवासच्या बाहेर, क्षिप्रेच्या काठाकाठाने, लसणाच्या आणि हरभऱ्याच्या शेतांमधून मी जाते. मला अक्षर येत नाही. शाळेत मी कधी बसले नाही, पण शाळेपर्यंत कितीतरी पिढ्या नेऊन सोडल्या. बोलणं कुठे टोचलं तर टोचू द्या. मऊ राहून पाहिलं, उपयोग झाला नाही.

मला कुणी दोरी लावून आखलं नव्हतं. पाण्याला जाणाऱ्या बायांनी मला पाडलं, गुरांनी रुंद केलं आणि बैलगाड्यांनी माझ्या चाकोऱ्या खोल केल्या. बाजाराच्या दिवशी लसणाच्या गाड्या निघाल्या की संध्याकाळपर्यंत मला वास यायचा. मग तिकडे आग्रा-मुंबईचा एबी रोड मोठा झाला. माणसं तिकडे वळली, ती मागे वळून पाहीनात. माझ्यावर बाभळी उगवल्या. ज्याला जे घरात नको ते त्याने माझ्यावर आणून टाकलं, फाटकी बारदानं, फुटक्या कुंड्या, देवांच्या तसबिरींच्या काचा. ज्या बाईने चार पिढ्यांना चालायला शिकवलं तिच्या डोक्यावर तुम्ही काचा टाकता, आणि वर तुम्हीच म्हणता, या वाटेने जाऊ नका, काच लागेल.

मला पुन्हा उभं केलं ते स्वप्नालीने. ही गावातल्या लहान मुलांना शिकवते. तिची मुलगी उर्वी पुलाजवळच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली, सायकलवर, एबी रोडने. ट्रक जवळून गेला की पोरीची ओढणी ताणली जायची. स्वप्नालीला आठवलं की गावापासून पुलापर्यंत नदीकाठाने एक जुनी वाट आहे. ती घरोघर गेली. ज्यांनी काचा टाकल्या होत्या त्यांच्याच हातात तिने टोपल्या दिल्या. बाभळी निघाल्या, मुरूम पडला, रोलर फिरला. ठरलं असं की इथे मोटार नाही, मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही. पाय आणि सायकल, बस.

आता घोळ कुठे झाला तो ऐका. देवासला पूर्वी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. विश्वासरावांचे पूर्वज थोरल्या पातीच्या चाकरीत, पुलाकडे राहणाऱ्या चिंतामणरावांचे धाकट्या पातीच्या. राज्यं गेली, राजवाड्यांच्या भिंतींत पोपटांनी घरटी केली, पण या दोन घरांनी मान काही खाली ठेवला नाही. माझ्या दोन्ही बाजूंना यांचीच शेतं. बांधाची जमीन द्यायला दोघांनी हात आखडला नाही, हे मी मान्य करते. पण फीत कोणी कापायची यावर बोलणी अडली. शेवटी दोन टोकांना दोन फिती बांधल्या. आणि मान म्हणून दोन टोकांच्या साखळ्यांच्या किल्ल्या या दोघांच्या हाती दिल्या. ज्यांच्याकडे मोटारी होत्या नेमक्या त्यांच्याच हाती. अशी अक्कल आपल्या लोकांनाच सुचते.

तरी सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे गेले. सकाळी पोरांच्या घंट्या, हँडलला लटकलेले डबे, मागे दप्तरं. उर्वी सगळ्यांच्या पुढे. रपट्याच्या उतारावर ती दोन्ही पाय उचलून वाऱ्यावर सोडायची आणि मोठ्याने गायची, सूर नसायचा, पण मला चालायचं. एकदा धारहून सायकलवाल्यांचा एक जथा आला. त्यातली वैभवी नावाची मुलगी माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "आमच्याकडे मांडूचा चढ आहे, पण हॉर्न ऐकू येत नाही अशी जागा नाही." मी पुढे कितीतरी दिवस ते वाक्य घोळवत होते.

मग विश्वासरावांचा गुडघा दुखू लागला. एकच दिवस, म्हणाले. तो एक दिवस अजून संपलेला नाही. चिंतामणरावांना हे कळलं. त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही, अजून पेरूच्या झाडावर चढतात. पण थोरल्यांची मोटार जाते तर धाकट्यांची का नाही, म्हणून त्यांनीही आपल्या टोकाची साखळी काढली. गाडी गावापर्यंत न्यायची आणि आणायची. काम काही नाही.

परवा शाळेच्या वेळी दोन्ही गाड्या रपट्यावर समोरासमोर आल्या. रपटा म्हणजे नाल्यावरची फरशी, एका मोटारीएवढी रुंद, दोन्हीकडे चिखल. पोरं विश्वासरावांच्या गाडीमागे अडकली.

गोलूने विचारलं, "साब, पीछे ले लूं?"

"का म्हणून? आधी आपण चढलो."

समोरची काच खाली झाली. "काय विश्वासराव, गुडघा कसा आहे?"

"गुडघा बरा आहे. तुम्ही जरा मागे घ्या."

"घेतली असती हो. पण आमच्या वडिलांनी थोरल्या पातीसमोर कधी घोडं मागे घेतलं नाही. मी मोटार घेतली तर वर जाऊन काय तोंड दाखवू?"

"घोडं? आम्हाला तर त्यांची सायकल आठवते."

"होती ना. आणि स्वतः चालवायचे. ड्रायव्हर नाही लागायचा."

उर्वी खिडकीशी आली. "आजोबा, जाऊ द्या ना. आज प्रार्थना मला सांगायची आहे."

"बाळा, मला कशाला सांगतेस? समोरच्या आजोबांना सांग."

तिने वाकून हाक दिली. तिकडून उत्तर आलं, "बेटा, ते थोरले. थोरल्यांना सांग."

बाकीची पोरं हसली आणि बोरं खात बसली, त्यांना शाळा बुडाली तर हवीच होती. उर्वी हसली नाही. दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. माझ्यावर, हॉर्न. तिने सायकल वळवली. "कुठे चाललीस?" कुणीतरी विचारलं. "रोडने," ती म्हणाली, आणि गेली.

मी रोडपर्यंत जात नाही. माझा हात तिथे पोचत नाही. मला कळलं ते दुपारी, स्वप्नाली उर्वीला घेऊन, सायकल हाताने ओढत आली तेव्हा. पुढच्या चाकाचा पापड झाला होता. ट्रकने धक्का दिला नव्हता, त्याच्या वाऱ्यानेच पोरीला खडीत फेकलं. हनुवटीला टाके, कोपर सोललेलं. स्वप्नाली साखळीपाशी थांबली आणि म्हणाली, "बस झालं. सायकल नको आणि ही शाळाही नको. तू धारला मामाकडे राहायचं. तिथे शाळा घराला लागून आहे."

"आणि तू?" उर्वीने विचारलं.

मित्रांनो, ज्या बाईने मला काचांमधून वर काढलं तिचीच लेक माझ्यावरून जाऊ शकत नाही म्हणून घर सोडणार. मग मी कशाला आहे? लसूण वाळवायला?

वाट मुरूम टाकून होत नाही आणि पाटी लावूनही होत नाही. एकाने ठरलेलं मोडलं की ती दुसऱ्याचीही राहत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातातही कसल्या ना कसल्या किल्ल्या येतील. तेव्हा माझी आठवण ठेवा.

आज सकाळी मायलेकी साखळीपाशी उभ्या होत्या, बॅग घेऊन, धारच्या बसला जायला. तेवढ्यात पांढरी गाडी आली. खिडकीतून हात बाहेर आला, किल्लीसकट.

"काय गं, हनुवटीला काय झालं?" विश्वासरावांनी विचारलं.

"पडले."

"सायकल जपून चालवावी बेटा."

स्वप्नाली म्हणाली, "रोडवर पडली, काकासाहेब. रपट्यावर तुम्हा दोघांच्या गाड्या होत्या म्हणून रोडने गेली. आता धारला ठेवायला चाललेय तिला."

किल्ली हवेतच राहिली. गोलूने ती घेतली नाही. विश्वासराव म्हणाले, "चिंतामणराव मागे घेत नव्हते. आता मी थोरल्या पातीचा माणूस, मी कसा..."

आजवर माझ्या अंगावरून इतकं काही गेलं, पण मी कुणाशी तोंड उघडून बोलले नव्हते. आज बोलले.

"विश्वासराव, तुमच्या दोन्ही पात्या नव्हत्या तेव्हाही बाया माझ्यावरून पाण्याला जात होत्या. इथे थोरली मी आहे. ती किल्ली स्वप्नालीच्या हातात द्या, पोरीची बॅग उचलून त्यांच्या घरी पोचवा, आणि तसेच पायी पुलाकडे जाऊन चिंतामणरावांचीही किल्ली घेऊन या. गुडघा दुखला तर बाकावर बसा, बाक तुमचाच आहे. पण आधी गाडी मागे घ्या."