पोकळ भिंतीसाठी भरवशाचा माणूस

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने भोक बुजवलं आणि जाताना नवऱ्याला म्हणाला, "वहिनी सांगत होत्या, कपाट सरकवताना लागलं. तुमच्या कपाटाला मुठी आहेत वाटतं, साहेब!"

दोघंही हसले. तो गेल्यावर तिच्या कानाखाली बसली.

दुसऱ्याने काहीच विचारलं नाही. रंग मात्र असा जुळवला की भोक होतं कुठे ते सापडेना. पुढच्या महिन्यात त्याच रंगात नवं भोक.

तिसरा.

(नवं भोक तिच्या कानाला लागून होतं. जिप्समची पांढरी पूड केसांत. आता तिला कारागीर नको होता, तोंड बंद ठेवणारा माणूस हवा होता.)

तिसरा बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत निघाला. ढब. ढब. ढब. टक. टक आलं तिथे पेन्सिलीची उभी रेघ.

"इथे आत पत्र्याची पट्टी आहे, वहिनी. बोर्ड तिला स्क्रूने धरलाय. बाकी सगळी हवा."

तिने रेघा बघितल्या. नवं भोक बघितलं, बुजवलेल्यांच्या जागा आठवल्या. रेघेवर एकही नाही.

नवरा चिडला की भिंत वाजवत यायचा. तिला वाटायचं, सवय असेल.

म्हणजे डोक्यात राख घालून येणारा, भान सुटलं म्हणून मागाहून रडणारा तो माणूस आधी

हवा शोधायचा. मग हाणायचा.

"आत जाड प्लाय बसवा," ती म्हणाली. "पण वाजवली की पोकळच वाजायला हवी."

"टीव्ही टांगायचाय?"

"नाही."

त्याने भोकाकडे बघितलं. तिच्या कानाकडे बघितलं.

"प्लाय जरा मागे ठेवतो. बोर्डला टेकणार नाही. बोर्ड फुटेल, मग..." तो थांबला. "जमेल."

"यांना कळता कामा नये."

"मी भिंती विकतो वहिनी, बातम्या नाही."

भिंत झाली. रंग वाळला. चार्जर सापडत नव्हता, एवढंच निमित्त. ती भिंतीला पाठ लावून उभी. तो आला. ढब. ढब. मूठ.

बोर्ड नेहमीसारखा फुटला. त्यामागून आवाज आला तो भिंतीचा नव्हता.

त्याने हात ओढून काढला. दोन बोटं भलत्याच दिशेला, कातडीतून हाडाचं टोक वर. तो गुरासारखा ओरडला. मग डाव्या हाताने फोन लावला, स्पीकरवर.

"भिंतीत काय घातलंस रे?"

"नेहमीचंच, साहेब. पट्ट्या, बोर्ड, स्क्रू."

"खरं बोल."

"खरंच सांगतोय. हाताला फार लागलंय का?"

हाताचं कोणी काढलंच नव्हतं.

त्याने फोन टाकला आणि तिच्याकडे वळला. डाव्या मुठीने काही वाजवून बघितलं नाही. सरळ जबड्यावर. तिच्या तोंडात एक दात सुटा झाला. मूठ पुन्हा मागे गेली, तेवढ्यात तिने त्याचा उजवा पंजा दोन्ही हातांत धरला आणि आवळला. आतलं हाड सरकलेलं तिला जाणवलं. तिने आणखी आवळला. तो गुडघ्यांवर आला.

"सोड! अगं सोड, मरतोय मी!"

जमिनीवरून फोन बोलला. "वहिनी? चुकलो मी, तोंडातून गेलं. येऊ का?"

तिने रक्त थुंकलं. दात त्यातच गेला.

"पोलिसांना घेऊन या," ती म्हणाली. "आणि लवकर या. माझे हात भरून आलेत."