खांद्यात दडलेली उडी

उडी मोजण्याआधी नागीने भिंतीला लागून हात वर केला, तेव्हा तिचा उजवा खांदा कानापासून चांगला चार बोटं खाली होता. कानाए शिओझाकीच्या हातातलं पेन वहीवर थबकलं. मे महिन्यात, पहिल्या मोजणीच्या दिवशी, हाच खांदा कानाला टेकला होता.

"खांदे सैल! श्वास सोडा! रक्ताला वाट द्या!" मुलींची उडी वाढवायला बाहेरून आलेला दोजिमा ओरडला आणि नागीच्या बोटांपाशी खडूची खूण केली. "उभ्याने दोनशे सहा. आता उडी!"

नागी उडाली. भिंतीवर तिच्या बोटांचा पांढरा ठसा उमटला.

"दोनशे बावन्न! वजा करा बरं. शेहेचाळीस! आणि मे महिन्यात?"

"बेचाळीस!" शाळेच्या व्यायामशाळेत दाटीवाटीने बसलेल्या आया एका सुरात म्हणाल्या. हातपंखे थांबले, टाळ्या कडाडल्या. नागीच्या आधीच्या नऊ मुलींचीही उडी अशीच वाढली होती. कुणाची तीन, कुणाची पाच सेंटिमीटर.

टाळ्यांत कानाए नव्हती. ती या शाळेत विज्ञान शिकवायची आणि मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची जबाबदार शिक्षिकाही होती. खिशात तिचा सहीऐवजी मारायचा शिक्का होता, वहीत शनिवारच्या स्पर्धेची खेळाडूंची यादी. पाचच्या आत शिक्का मारून यादी पाठवायची होती. चार वाजून गेले होते. दर दोन मिनिटांनी तिचा हात खिशात जात होता आणि रिकामाच बाहेर येत होता.

दोजिमाने प्रत्येक मुलीला वेगळा व्यायाम आखून दिला होता, तोही रक्तगटानुसार. 'ए' गटाला मोजूनमापून, 'बी' गटाला मनाला येईल तसा. नागी 'ओ' गटाची. तिला रोज तीनशे उड्या.

"ओ म्हणजे शिकाऱ्याचं रक्त!" तो आयांना सांगत होता. "शिकाऱ्याचा गुडघा दुखत नाही, ताई. दुखतो तो आळस!"

उडी मारून परतताना नागीने डावा पाय जपून टाकला. गेले तीन आठवडे ती शाळेचा जिना कठडा धरून तिरकी उतरत होती. कानाएने ते पाहिलं होतं. विचारलं, की नागी म्हणायची, "काही नाही हो मॅडम." आणि कानाएही 'उद्या बघू' म्हणत गप्प बसली होती.

"शिओझाकी मॅडम, मारा शिक्का!" म्हातारे प्रशिक्षक यासुओका खुशीत आले होते. दोजिमाला त्यांनीच आणलं होतं. "आकडे काही खोटं बोलत नाहीत."

"सर, जरा भिंतीपाशी येता?"

"मी? या वयात उडी मारायला लावता की काय!"

"उडी नको. नुसता हात वर करा. खांदा सैल." तिने खडूची खूण केली. "आता छताला हात लावायचाय असं समजून ताणा. टाच उचलू नका. अजून ताणा."

दुसरी खूण झाली. तिने पट्टी लावली. "सहा सेंटिमीटर. सर एका मिनिटात एवढे वाढले. कोणत्या गटाचं रक्त हो तुमचं?"

"ए," यासुओका पुटपुटले. आया खुदकन हसल्या.

"मॅडम नक्की एबी!" दोजिमा पुढे सरसावला. "शंका घेणं हा एबीवाल्यांचा जुना रोग!"

"मे महिन्यात तुम्ही मुलींना ताणायला लावलंत. आज सैल सोडायला सांगितलंत. खालची खूण खाली सरकली, की वजाबाकी आपोआप वाढते." कानाएने वही उघडून आयांसमोर धरली. "यांच्या तक्त्यावर फक्त उडी लिहिली आहे. मी दोन्ही खुणा लिहून ठेवल्या होत्या. नागी मे महिन्यात उभ्याने दोनशे अकरा होती, आज दोनशे सहा. वाढत्या वयाची पोर सहा आठवड्यांत पाच सेंटिमीटर बुटकी झाली का?"

दोजिमाने खिशातून रुमाल काढला आणि भिंतीवरची खूण पुसू लागला.

"राहू द्या ती," नागीची आई एकदम म्हणाली. त्याचा हात तिथेच थांबला.

"मॅडम," नागीचा आवाज बारीक झाला होता, "म्हणजे मी वर गेलेच नाही?"

"मे महिन्यात तुझी बोटं दोनशे त्रेपन्नला पोचली होती. आज दोनशे बावन्न. एक सेंटिमीटर खाली आलीस, बाळ. गुडघा दुखतोय म्हणून."

नागीने मान खाली घातली. मग हळूच वाकून तिने डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. आईने ते पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"रक्त द्यायचं असेल तर रक्तगट बघा," कानाए सगळ्यांकडे वळली. "गुडघा दुखत असेल तर गुडघा बघा, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी आकडा दाखवला, की एकच विचारा, मोजला कसा? एवढं विचारायला विज्ञानाची शिक्षिका व्हावं लागत नाही. मी आहे, तरी तीन आठवडे तोंड उघडलं नाही. ती चूक माझी."

"पण मॅडम, ही माझी शेवटची स्पर्धा," नागी म्हणाली. "शाळेचं तिसरं, शेवटचं वर्ष आहे माझं. मला खेळायचंय."

"तिच्याशिवाय आपण पहिल्याच सामन्यात हरू," यासुओका हळू आवाजात म्हणाले.

"हो, हरू."

घड्याळात पाचला दहा कमी होते. कानाएने यादी काढली, पहिल्याच नावावर रेघ ओढली आणि खिशातला शिक्का बाहेर घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"नागी शनिवारी खेळणार नाही."