न पोचलेला पक्षीकोश

मित्रांनो, मी एक जुना पक्षीकोश आहे. मुलांसाठी छापलेला, पानोपानी रंगीत चित्रं असलेला. माझा एक कोपरा दुमडलाय, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली आहे आणि बुलबुलाच्या पानावर कुणाच्या तरी तेलकट बोटाचा ठसा आहे. या खुणांचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती गोष्ट ऐका.

कोल्हापूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथल्याच एका दुकानातून भैरवीबाईंनी मला विकत घेतलं. बाई निपाणीच्या. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, गुंजीजवळच्या रानातल्या एका छोट्या मराठी शाळेत त्यांची नेमणूक झाली होती. आमच्या या भागात मराठी शाळेला नवीन मराठी पुस्तक सहज मिळत नाही. कुणी कोल्हापूरला गेलं तर आणतं, नाहीतर आहे त्यावर भागवावं लागतं. म्हणून मी शाळेत पोचलो, तेव्हा अख्खा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला.

कपाटात बसायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. शाळेच्या मागूनच रान सुरू होतं. बाहेर पाखरू ओरडलं की पोरं धावत आत येत आणि माझी पानं उलटत.

"ह्येच की रं! गळ्याखाली लाल हाय बघ."

"न्हाय, त्याची शेपटी लई लांब व्हती."

त्यांची भांडणं माझ्याच पानांवर मिटत.

सगळ्यांत जास्त मला हाताळलं ते दिपालीनं. तिची आई मालुबाई भाताची शेती करायची. दिपाली वर्गात फार बोलायची नाही, पण माझ्यातलं एकूण एक नाव तिला पाठ होतं. माझी पाठ उसवली, तेव्हा तिनं आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी आणली, पिठाची खळ शिजवली आणि मला चिकटवून दगडाखाली दाबून ठेवलं. धनेशाचं पान तिच्या फार आवडीचं. अंडी घालताना धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फळं आणून भरवतो, हे तिनं माझ्यात वाचलं. मग शाळेच्या वाटेवर तसलं एक झाड शोधून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "पुस्तकात खरं लिवलंय!" असं ती सगळ्यांना सांगत सुटली. मित्रांनो, कुठल्याही पुस्तकाला याहून मोठा मान काय मिळणार?

मग केयूर आला. बेळगावातल्या चिंतामणी वकिलांचा हा मुलगा परदेशात नोकरी करत होता. त्या देशाचं नाव पुढे आमच्या खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, आणि मला तर मराठीच येतं.

"आम्ही तिकडं दर शनिवारी मराठी शाळा भरवतो," तो बाईंना म्हणाला. "मुलं येतात, पण वाचायला पुस्तकंच नाहीत. तुमच्या मुलांनी थोडी दिली तर फार उपकार होतील."

"नवीन विकत घेऊन का नेत नाही?" बाईंनी विचारलं.

"मुलांनी मुलांना दिलेल्या पुस्तकाची गोष्टच वेगळी, बाई. मी स्वतः त्यांच्या हातात देईन. शब्द देतो."

मुलांनी आपापल्या आवडीची पुस्तकं काढून दिली. दिपाली मला छातीशी धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिनं मला टेबलावर ठेवलं.

"अगं, हे तुझं आवडतं ना?" बाई म्हणाल्या.

"आमास्नी धनेश रानात दिसतोय, बाई. त्यास्नी तिकडं कुठनं दिसनार?"

मला तिचा अभिमान वाटला. बेळगावात केयूरचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, आम्हा पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी त्याचा फोटो निघाला. आणि आम्ही खोक्यात बंद होऊन बोटीनं निघालो.

उतरलो ते एका गोदामात. आजूबाजूला परकी बोली चालली होती. फार दिवसांनी खोक्याबाहेर ओळखीचे शब्द ऐकू आले. केयूर आणि त्याची बायको शाल्मली आम्हाला न्यायला आले होते.

"बाहेरून आलेला माल म्हणून यावर आयात कर भरावा लागेल म्हणतायत," शाल्मली म्हणाली. "शाळेला दिलेली देणगी आहे असे कागद आधी केले असते तर माफ झाला असता. तू का नाही केलेस?"

"जुन्या पुस्तकांसाठी कोण एवढं करत बसणार?"

"मग आता कर भरून टाकू. मुलांनी आपल्या हातची काढून दिलीत, केयूर."

"फाटक्या पुस्तकांवर कर भरू? त्यापेक्षा नवी मागवू ना. जाऊ दे, परत पाठवायला सांग."

त्यानं खोकं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. ज्यानं शब्द दिला होता त्याच्या पायांचा आवाज लांब जात गेला. मित्रांनो, वाळवीनं खाल्लं असतं तरी एवढं दुखलं नसतं.

परत येताना आपल्याच देशाच्या बंदरात आम्हाला परदेशी माल म्हणून बाजूला काढलं. चिंतामणी वकिलांनी अर्ज करून आम्हाला सोडवलं आणि बेळगावच्या घरी आणलं. मला वाटलं, आता घर जवळ आलं. पण वकिलांनी खोकं व्हरांड्यात ठेवून त्यावर सतरंजी टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला जागा झाली.

"शाळेला कळवायला हवं," त्यांच्या पत्नी कल्याणीबाई म्हणाल्या.

"कळवू सावकाश. चारचौघांत पोराचा सत्कार झालाय. लोक काय म्हणतील?"

ते 'सावकाश' काही उगवलं नाही.

एक दिवस व्हरांड्यात ओळखीचा आवाज आला. मालुबाई फणस घेऊन आली होती, सोबत दिपाली. वकिलांनी त्यांना बसायला सांगितलं, आणि दिपाली नेमकी आमच्या खोक्यावर बसली. तिच्या टाचा खोक्याला लागत होत्या. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होतो.

"घरचा फणस हाय, अण्णा," मालुबाई म्हणाली. "तुमच्या लेकानं आमच्या पोरांचं नाव पार साता समुद्रापल्याड न्हेलं."

"आजोबा," दिपालीनं विचारलं, "आमची पुस्तकं पोचली व्हय?"

आता वकील खरं सांगतील, असं मला वाटलं.

"पोचली की! तिकडची मुलं खूश आहेत."

"पाखरांचं बी?"

"ते तर हातातून सोडतच नाहीत."

"धनेश आवडला त्यास्नी?"

"फार आवडला."

दिपाली इतकी हसली की खोकं हललं. मला ओरडावंसं वाटलं. पण आमच्यात लिहिलेलं कुणी वाचल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

कल्याणीबाई सरबताचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. मायलेकी गेल्यावर त्या म्हणाल्या, "लेकरू त्याच पुस्तकांवर बसलं होतं हो. तुमची जीभ कशी रेटली?"

वकिलांनी वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्याच आठवड्यात कल्याणीबाईंनी नवऱ्याला न विचारता खोकं बाहेर काढलं आणि लोंढ्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरनं एकट्या गुंजीला आल्या. मी परत त्या वर्गात पोचलो. पानं ओलीनं फुगली होती, तरी मी आनंदात होतो.

खोकं उघडलं आणि पोरांनी आपापली पुस्तकं ओळखली. मागून कुणीतरी म्हणालं, "दिपे, तू तर सांगत व्हतीस तिकडची पोरं वाचत्यात म्हनून!" पोरं हसली. बेळगावाहून आल्यापासून तिनं सगळ्या शाळेला तेच सांगितलं होतं.

"तिची काही चूक नाही," कल्याणीबाई म्हणाल्या. "कर पडला म्हणून पुस्तकं तिकडून परत आली, आणि आमच्या घरातून खोटं सांगितलं गेलं. चुकलं आमचं, बाळ."

दिपाली माझ्याकडे बघत होती, पण तिनं हात पुढे केला नाही.

"पुस्तकं न्हाय पोचली त्याचं काय न्हाय, आज्जी," ती म्हणाली. "कर पडला म्हनून सांगितलं असतं तर आमी काय रागावनार व्हतो? मी आजोबांस्नी तोंडावर इचारलं व्हतं."

कल्याणीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भैरवीबाईंनी मला उचलून कपाटात ठेवलं.

मी अजून तिथंच आहे. लहान मुलं मला काढतात, धनेश बघतात. दिपालीनं मात्र पुन्हा मला हातात घेतलं नाही. यंदा कुणी मंडळी शाळेत खेळणी गोळा करायला आली होती, लांबच्या मुलांना द्यायची म्हणून. सगळ्यांनी काही ना काही दिलं. दिपालीनं हाताची घडी घातली ती सोडली नाही. एवढंच विचारलं, "पोचल्याचं आमास्नी कोन सांगनार?"

मित्रांनो, पुस्तकं जपा, फाटली तर चिकटवा, वाचून झाली की दुसऱ्याला द्या. पण दुसऱ्यानं विश्वासानं तुमच्या हाती काही सोपवलं तर ते पोचवा. वाटेत अडलं, नाही पोचलं, तर तसंच येऊन सांगा. दिपालीनं ऐकून घेतलं असतं.