एस्तेरने सही केलेला कागद

एस्तेरचा निरोप आला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि दानियल गावित म्हशीखाली धार काढत बसला होता. त्याने हात लुंगीला पुसले आणि फोन कानाला लावला. रेकॉर्ड करून पाठवलेल्या निरोपात बायको कुजबुजत बोलत होती.

"दानियल, मॅडमने काल एका कागदावर सही घेतली. अरबीत आहे. म्हणाली, हाच तुझा रिलीज. पण तिचा भाऊ बाजूला उभा राहून हसला. आज इथल्या दहा वाजता नव्या कंपनीची गाडी मला न्यायला येते. कागदात काय आहे ते कुणाकडून तरी वाचून घे. मला भीती वाटते."

खाली कागदाचा फोटो होता. हाताने लिहिलेल्या बारा ओळी आणि शेवटी एस्तेरची मराठीतली सही.

तीन वर्षं ती कुवेतला एका घरी स्वयंपाक करत होती. व्हिसा घरकामाचा. आता एका केटरिंग कंपनीत काम मिळत होतं, पण त्यासाठी व्हिसा बदलून कंपनीचा करायला हवा होता आणि तो जुन्या मालकिणीने परवानगी दिल्याशिवाय बदलत नव्हता. त्या परवानगीलाच तिथल्या बायका रिलीज म्हणत. परवानगी नसताना घर सोडलं तर मालक बाईला फरार म्हणून लिहून देऊ शकत होता. गावातली कालीबाई तशीच पकडली गेली होती. परत आल्याला दोन वर्षं झाली, तरी दार वाजलं की ती अजून आतल्या खोलीत पळते.

दानियलने फोनमधलं भाषांतर लावून पाहिलं. लिखाण वाकडंतिकडं, तीनच शब्द निघाले. घर. स्वेच्छा. जबाबदार.

इथले साडेबारा म्हणजे तिथले दहा. त्याने आईला, रेवाबाईला, एवढंच सांगितलं, "जाऊन येतो." ती काही न विचारता येशूचं नाव घेऊ लागली, तेव्हा तो जास्तच घाबरला.

विसरवाडीच्या चौफुलीवर हिंमतरावांचं मोबाइलचं दुकान नुकतंच उघडत होतं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

"हाई अरबी शे भाऊ. माले कोठे वाचता येस? अक्कलकुव्याले जा. तठे मदरशात शिकाडतस."

शंभरेक किलोमीटर. मोटारसायकलवर त्याला सारखं वाटत राहिलं की खिशात फोन थरथरतोय. तीनदा थांबून पाहिलं. काही नव्हतं. तापीच्या पुलावर समोरून आलेला उसाचा ट्रक त्याला अगदी शेवटी दिसला.

अक्कलकुव्यात मदरशाच्या फाटकावरच्या माणसाने त्याला एका वर्गाबाहेर बसवलं. आत मुलं मोठ्याने पाठ म्हणत होती. शिकवणारे मौलाना अय्यूब बाहेर आले तेव्हा पावणेबारा झाले होते. बायकोने रिलीज म्हणून यावर सही केलीय, एवढं सांगून दानियलने फोन पुढे केला.

मौलानांनी चष्मा वर करून एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"भाऊ, यात लिहिलंय की मी या तारखेला माझ्या मर्जीने घर सोडून गेले. यापुढे घरमालक माझ्यासाठी जबाबदार नाहीत."

"आणि रिलीज?"

"नव्या मालकाचं नाव नाही. परवानगीचा शब्द नाही. तुमच्या बायकोला सांगा, पाऊल बाहेर टाकू नको."

कामाच्या वेळी एस्तेरचा फोन फळीवर, आवाज बंद. दानियलने अकरा वेळा लावला. बाराव्यांदा तिने उचलला तेव्हा बारा वीस झाले होते.

"गाडी आली," ती म्हणाली. "बॅग आत ठेवली. बसले."

"उतर! एस्तेर, उतर. त्या कागदात रिलीज नाही. तू आपणहून गेलीस असं लिहिलंय."

"ड्रायव्हर थांबायला तयार नाही."

"बॅग राहू दे. तू उतर!"

दार आपटल्याचा आवाज आला आणि फोन कापला गेला.

ती गाडीच्या दाराच्या आत राहिली की बाहेर, हे त्याला कळलं नाही. पुन्हा लावला, लागला नाही. मौलानांनी पाणी दिलं, जेवायला बसवलं. घास तोंडात फिरत राहिला. कालीबाईचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना.

अडीच वाजता दोन शब्द आले. "घरातच आहे."

पुढचे सोळा दिवस वाईट गेले. मॅडम तिच्याशी बोलेना. भाऊ अंगावर ओरडे, आज पोलीस बोलावतो, उद्या बोलावतो. एस्तेर एकच सांगत राहिली, फोनमधल्या सरकारी अ‍ॅपवर परवानगी दिसली की मी त्याच दिवशी जाईन. कंपनीने बॅग परत पाठवली आणि वाट बघायची तयारी दाखवली. सतराव्या दिवशी मॅडमने तिच्यासमोर फोन उघडून परवानगी दिली. कागद भावाने लिहिला, मी वाचलाच नाही, असं ती म्हणाली. खरं की खोटं, एस्तेरला कधीच समजलं नाही.

नव्या खोलीतून तिचा फोन आला तेव्हा दानियल डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून येत होता. खोलीत सहाजणी आहेत, खिडकी आहे, ती सांगत होती. मध्येच थांबली.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतो, थांब," तो म्हणाला. भारा खाली टाकून तो त्याच्यावरच बसला आणि फोन पुन्हा कानाला लावला.