तिसऱ्या रांगेतली चौदा नंबरची खुर्ची

सभागृह बांधून झालं आणि खुर्च्यांपुरते पैसे उरले नाहीत, तेव्हा सीनातीर विद्यापीठाला समाजाची आठवण झाली. ‘समाज-भागीदारी कक्ष’ नावाची खोली उघडण्यात आली आणि तिच्यात मला ठेवण्यात आलं. कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी. योजना सोपी होती : एक खुर्ची द्या, तिच्या पाठीवर पितळी पट्टीत नाव कोरून मिळेल. इमारत अभिमन्यूशेठनी दिलेली, म्हणून त्यांचं नाव दारावर होतं. त्यातला ‘भि’ माझ्यापेक्षा उंच होता.

मी खुर्च्या मागत गावोगाव फिरलो. मोहोळकडच्या एका वाडीत रंभाबाई भेटल्या. त्यांची पिंकी आमच्याकडंच बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. नवरा, हिंदुराव, दोन वर्षांपूर्वी गेलेला. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता.

“बारा वरसं उभ्यानं ड्युटी केली बग, गुरु,” रंभाबाई म्हणाल्या. “वॉचमन बसला की झोपतो म्हून मालकानं खुर्चीच दिली न्हाय. ह्यांना एकदा बसवायचंय. पिंकीला डिग्री मिळताना.”

“तुमचीच खुर्ची, मावशी. त्या दिवशी तिथं दुसरं कुणी बसणार नाही.”

हे वाक्य माहितीपत्रकात नव्हतं. ते मी पदरचं घातलं आणि पावती फाडली.

पदवीदानाच्या दिवशी त्या सकाळी आठलाच आल्या. पालकांना एकच पास, तोही शेवटच्या रांगेचा. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तिसऱ्या रांगेत चौदा नंबर शोधला, पट्टीवरचं नवऱ्याचं नाव पदरानं पुसलं आणि एसटीत खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतात तशी हिंदुरावांची टोपी सीटवर ठेवली. खुर्ची सभागृहातली. वजन नसलं की सीट फट्‌दिशी मिटते. टोपी दोनदा गिळली. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला, सीटवर ठेवला, त्याला टोपी घातली. सीट उघडी राहिली. लांबून कुणीतरी बुटका माणूस बसल्यासारखा दिसत होता.

साडेदहाला अभिमन्यूशेठ आले. चार पासवर अकरा माणसं. दहा मावली. मेव्हणा उरला. तो चौदा नंबरपाशी येऊन थांबला.

“टोपी उचला, बाई.”

“ते बसल्यात.”

“कोण?”

“हिंदुराव.”

मेव्हण्यानं नारळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी छताकडं बघितलं. छत चांगलं होतं.

कुलसचिव साहेब धावत आले. प्रमुख पाहुण्यांची गाडी टोलनाक्यावर अडकलेली, व्यवस्थापन परिषदेचे सगळे सदस्य गाऊन घालून मागच्या खोलीत चहा पीत बसलेले. गणपूर्ती होतीच. साहेबांनी तिथंच तातडीची सभा घेतली आणि टिपणं घ्यायला मला बसवलं.

विषय क्रमांक एक : दान दिलेल्या खुर्चीवर दात्याचा हक्क राहतो काय.

एक सदस्य म्हणाले, “मी अक्कलकोटला पंखा दिलाय. पात्यावर वडिलांचं नाव हाय. म्हणून वारा काय आमच्याच घरच्यांनी घ्यायचा?”

दुसरे म्हणाले, “पण सर, पंख्याखाली मयत माणूस बसत नाही.”

“खुर्ची रिकामी दिसता कामा नये,” साहेब म्हणाले. “लाइव्ह चाललंय.”

ठराव एकमतानं झाला : नाव दात्याचे, आसन विद्यापीठाचे. मी तो स्वच्छ अक्षरात लिहिला. मेव्हण्याला बसवलं तर बाई ओरडतील, म्हणून आसनावर विद्यापीठाचा एक कर्मचारी बसवण्याचंही ठरलं.

“गुरु, तू बस,” साहेब म्हणाले. “तू बारीक हायेस.”

मी रंभाबाईंना सांगितलं.

“तू व्हय?”

“हो, मावशी.”

“बस की मग. टोपी मांडीवर घे. खाली ठिवू नगं.”

त्या मागं निघून गेल्या. नारळ साहेबांनी उचलला. सत्काराला एक कमी पडत होता. पुढं तोच नारळ अभिमन्यूशेठना शालीसोबत मिळाला आणि त्यांनी तो कपाळाला लावला.

मी हिंदुरावांच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची मऊ होती. लई मऊ. दोन तास मला नीट टेकता आलं नाही.

“पिंकी हिंदुराव वाघमोडे.”

ती मंचावर आली, पदवी घेतली, आणि फोटोवाल्याकडं न बघता सरळ तिसऱ्या रांगेकडं वळली. बोटानं मोजल्यासारखी मान हलत होती. अकरा, बारा, तेरा.

मी उठलो. सीट मिटायच्या आत तळहातानं दाबून धरली आणि टोपी तिच्यावर ठेवली. नारळ नव्हता, त्यामुळं मला हात काढता येईना. सरळ उभंही राहता येईना. मी टोपीपुढं कमरेत वाकून राहिलो. मागच्या रांगेत कशीबशी जागा मिळालेला शेठचा मेव्हणा ओरडला, “ए, खाली बस की! दिसंना झालंय!” मी वाकलेलाच. पिंकीला काय दिसलं ते मला माहीत नाही. माझी पाठ तिच्याकडं होती.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली : थेट प्रक्षेपण चालू असताना आसन सुमारे एक मिनिट रिकामे ठेवले. परिषदेच्या पुढच्या बैठकीत, असे वाद टाळण्यासाठी, खुर्च्यांवरच्या सर्व पट्ट्या काढून नुसते नंबर लावण्याचा ठराव झाला. दात्यांची नावं एका वहीत राहतील. दारावरचं नाव ठरावात बसत नव्हतं, ते राहिलं. पट्ट्या काढायचं काम भागीदारी कक्षाचं, म्हणजे माझं. माझा अकरावा महिना चालू होता.

चौदा नंबरची पट्टी मी कक्षात जमा केली नाही. रविवारी मोहोळकडची एसटी धरली. रंभाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. पट्टी त्यांनी हातात घेतली, उलटी करून स्क्रूची भोकं बघितली.

“पिंकी काय म्हणाली, मावशी?”

“काय म्हनायचं? रडली.” त्यांनी पट्टी पदराला पुसली. घरात बघितलं. एक पेटी, एक बाज, भिंतीला टेकवलेली चटई. “पर ह्ये आता लावू कुटं, गुरु? आमच्यात खुर्ची न्हाय की.”